बेरीज शंभर, तरी उत्तर चूक: संयुगांच्या टक्केवारीचा ताळा कसा पाहायचा

अकरावीचे वर्ग सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की वही नाचवत कुणीतरी येतंच. "मॅडम, बेरीज बरोब्बर शंभर आलीय. मग पुस्तकात वेगळं उत्तर कसं?" दुसऱ्या दिवशी कुणाची बेरीज ९४ असते, कुणाची १३६, आणि एका मुलाने तर युरियात ४४६ टक्के नायट्रोजन काढून दाखवला होता. गणित खरं तर एका ओळीचं आहे. एक मोल संयुगात त्या मूलद्रव्याचं वस्तुमान जेवढं असेल, त्याला संयुगाच्या मोलर मासने (सूत्रातल्या सगळ्या अणूंच्या अणुवस्तुमानांची बेरीज, ग्रॅममध्ये) भागायचं आणि शंभरने गुणायचं. एवढ्याशा गणितात किती तऱ्हांनी घसरता येतं हे मी वीसेक वर्षं बघतेय. आता नुसती बेरीज ऐकली तरी पाय कुठे घसरला ते बहुतेक वेळा वही न बघता सांगता येतं. ते कसं, ते इथे लिहिते.

आधी एक गोष्ट. बेरीज शंभर येणं हा अर्धाच ताळा आहे. छेदात जी बेरीज घेतली, तिचेच तुकडे अंशात घेतले तर शंभरच येणार. मग ते तुकडे अणूंचे असोत की बटाट्यांचे. अंश आणि छेद यांचं आपसात जमत नसेल तरच ही बेरीज बोंब मारते. दोघं मिळून चुकले असतील तर ती गप्प बसते. म्हणून लक्षणं वेगवेगळी पाहावी लागतात.

बेरीज शंभरच्या खाली

ही सगळ्यांत सोपी केस. नेहमीचा रोगी म्हणजे पाणी. मोलर मास १८ बरोबर काढलेलं असतं, ऑक्सिजनचे १६ भागिले १८ म्हणजे ८८.८९ टक्के हेही बरोबर. हायड्रोजनला मात्र १ भागिले १८, म्हणजे ५.५६. बेरीज ९४.४५. सूत्रातला दोनाचा आकडा छेद काढताना आठवला आणि अंश लिहिताना विसरला.

इथे एक युक्ती आहे, ती मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून ठेवते: शंभराला जेवढं कमी पडलं त्याला मोलर मासने गुणा आणि शंभरने भागा. हरवलेलं वस्तुमान थेट ग्रॅममध्ये हाती येतं. वरच्या पाण्यात तूट ५.५५, गुणिले १८, भागिले १०० म्हणजे १. हरवलाय एक हायड्रोजन. सल्फ्युरिक आम्लाचं बघा. मोलर मास ९८. कुणी ऑक्सिजन चारऐवजी एकदाच घेतला तर हायड्रोजन २.०४, गंधक ३२.६५, ऑक्सिजन १६.३३, बेरीज ५१.०२. तूट ४८.९८, तिचे ग्रॅम होतात ४८. म्हणजे तीन ऑक्सिजन गायब. पुन्हा पहिल्यापासून गणित करायची गरज नाही, थेट त्या ओळीवर जायचं.

युक्ती चांगली आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये ॲल्युमिनियमचे दोन अणू, आणि कंसात एक गंधक व चार ऑक्सिजन, कंसाबाहेर तीन. मोलर मास ३४२. एका मुलीने छेदात ३४२ बरोबर घेतले, पण अंशात कंसाबाहेरचा तीन कुठेच लावला नाही: ॲल्युमिनियम १५.७९, गंधक ९.३६, ऑक्सिजन १८.७१. बेरीज ४३.८६. तूट ५६.१४, म्हणजे १९२ ग्रॅम. ती म्हणाली, "१९२ म्हणजे बारा ऑक्सिजन. म्हणजे मी सगळा ऑक्सिजनच विसरले." पण ऑक्सिजनची ओळ तर समोर लिहिलेली होती! खरी तूट दोन गंधकांची, ६४ ग्रॅम, आणि आठ ऑक्सिजनची, १२८ ग्रॅम. गंधकाचा एक अणू ऑक्सिजनच्या दोन अणूंएवढा भरतो, म्हणून हा चकवा. तुटीचा आकडा हाती आला की तो कुठल्या ओळीत बसतो हे सूत्राकडे बघूनच ठरवायचं.

आणि तूट कुठल्याच अणूंच्या हिशेबात बसत नसेल तर? मग सूत्रात नाही, आकडेमोडीत गडबड आहे. बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि अँटिलॉग काढताना दशांश चिन्ह एक घर सरकणं हा जुना आजार आहे. ग्लुकोजमध्ये कार्बन ४०.००, हायड्रोजन ६.६७, ऑक्सिजन ५३.३३. हायड्रोजनचे ०.६७ झाले की बेरीज ९४.००. तूट ६.००, मोलर मास १८०, म्हणजे हरवले १०.८ ग्रॅम. पावणेअकरा हायड्रोजन कुणी विसरत नाही. लॉग टेबलकडे परत जा.

बेरीज शंभरच्या वर

थोडीच वर, म्हणजे १०१ किंवा १०३ अशी असेल तर उलटं झालंय: अंश बरोबर, छेदात काहीतरी राहिलं. सल्फ्युरिक आम्लाचं मोलर मास ९८ ऐवजी ९७ धरलं तर बेरीज १०१.०३ येते. वाढाव्यालाही तीच युक्ती लागू, फक्त गुणताना स्वतःचं चुकीचं मोलर मास वापरायचं: १.०३ गुणिले ९७ भागिले १००, म्हणजे १. एक हायड्रोजन छेदातून निसटला.

१३६ ची गोष्ट मोरचुदापाशी सांगते.

आणि ते ४४६? युरियात कार्बनचे १२, ऑक्सिजनचे १६, नायट्रोजनचे २८, हायड्रोजनचे ४, एकूण ६०. त्या मुलाने मोबाइलवर दाबलं: २८ भागिले १२ अधिक १६ अधिक २८ अधिक ४ गुणिले १००. कंस न घातल्यामुळे मोबाइलने २८ ला फक्त १२ ने भागलं, शंभरने फक्त ४ ला गुणलं, आणि सगळ्याची बेरीज करून ४४६.३३ दिले. मोबाइल चुकला नाही, त्याला सांगितलं तेच त्याने केलं. आधी छेदाची बेरीज कागदावर करून ६० लिहा, मग भागा. ४६.६७ येतील.

बेरीज शंभर, आणि तरीही चूक

खरा त्रास इथे आहे, कारण इथे मुलाला स्वतःबद्दल खात्री असते.

कॅल्शियम फॉस्फेट घ्या. कॅल्शियम तीन, कंसात एक फॉस्फरस आणि चार ऑक्सिजन, कंसाबाहेर दोन. बरोबर हिशेब: १२० अधिक ६२ अधिक १२८, एकूण ३१०. कॅल्शियम ३८.७१, फॉस्फरस २०.००, ऑक्सिजन ४१.२९. आता कंसाबाहेरचा दोन फक्त ऑक्सिजनला लावणारी मुलं दरवर्षी पाच-सहा तरी निघतात. ऑक्सिजन त्या दोनाला खेटून लिहिलेला असतो म्हणून असेल. त्यांचा हिशेब: १२० अधिक ३१ अधिक १२८, एकूण २७९. कॅल्शियम ४३.०१, फॉस्फरस ११.११, ऑक्सिजन ४५.८८. बेरीज करून बघा. शंभर. अगदी दोन दशांशांपर्यंत शंभर.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. "ऑक्सिजन नेहमी जोडीने असतो" हे नववीत डोक्यात बसलेलं असतं, म्हणून पाण्यातल्या ऑक्सिजनला १६ ऐवजी ३२ धरायचं. मोलर मास ३४. हायड्रोजन ५.८८, ऑक्सिजन ९४.१२, बेरीज शंभर. हे आकडे चुकीचे आहेत असंही म्हणता येत नाही. ते तंतोतंत बरोबर आहेत, फक्त हायड्रोजन पेरॉक्साइडचे! जखमेवर ओततात ते. मुलाने पाण्याचं गणित सोडवता सोडवता दुसऱ्याच बाटलीचं लेबल लिहिलं. हवेतला ऑक्सिजन जोडीने फिरतो हे खरं, पण संयुगात सूत्र सांगेल तेवढेच अणू मोजायचे, आणि एका अणूचे १६.

तिसरी चूक अणुअंकाची. आवर्तसारणीच्या चौकोनात अणुअंक आणि अणुवस्तुमान असे दोन आकडे असतात, आणि घाईत अणुअंकाचा वरचा छोटा पूर्णांक उचलला जातो. ही पकडणं फार अवघड, कारण कधी कधी तिच्यातून बरोबर उत्तर येतं. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन ६ आणि ऑक्सिजन ८ धरा: ६ भागिले २२ म्हणजे २७.२७. खऱ्या अणुवस्तुमानांनी १२ भागिले ४४, तेही २७.२७. मिठातही तसंच. ११ आणि १७ धरले तर सोडियम ३९.२९, आणि २३ व ३५.५ धरले तर ३९.३२. हलक्या मूलद्रव्यांचं अणुवस्तुमान अणुअंकाच्या जवळपास दुप्पट असतं, म्हणून गुणोत्तर तगून राहतं. हायड्रोजन आला की मात्र भांडं फुटतं, कारण त्याच्या नेहमीच्या अणूत न्यूट्रॉनच नसतो, त्यामुळे तिथे दुप्पट होत नाही. पाण्यात अणुअंक धरले तर हायड्रोजन थेट २० टक्के येतो, असायला हवा ११.११. तुमच्या मुलाची काही उत्तरं बरोबर येतात आणि हायड्रोजन असलेलीच नेमकी चुकतात, असं दिसलं तर आवर्तसारणीवर त्याचं बोट कुठे पडतंय ते बघा.

आणि एक पळवाट. तीन मूलद्रव्यांपैकी दोघांचे टक्के काढायचे आणि तिसऱ्याचे "शंभर वजा बाकीचे". परीक्षेत वेळ वाचतो, मीही कधीकधी करते. पण मग बेरजेचा ताळा पाहण्यात अर्थ नाही. तुम्हीच ती शंभर करून ठेवलीय.

मग ताळा पाहायचा कसा? उलटं चालून. प्रत्येक टक्केवारीला आवर्तसारणीतून नव्याने बघितलेल्या अणुवस्तुमानाने भागा आणि गुणोत्तर काढा. सूत्र परत मिळालं पाहिजे. चुकलेल्या फॉस्फेटवर करून बघू: ४३.०१ भागिले ४० म्हणजे १.०७५, ११.११ भागिले ३१ म्हणजे ०.३५८, ४५.८८ भागिले १६ म्हणजे २.८६८. सर्वांत लहान आकड्याने भागलं की ३, १, ८. सूत्रात होते ३, २, ८. फॉस्फरसची चोरी लगेच सापडली. पाण्याच्या त्या ३२ वाल्या उत्तरावर हाच प्रयोग करा: ५.८८ भागिले १, ९४.१२ भागिले १६, दोन्ही ५.८८. एकास एक. पाणी असं नसतं. 'नव्याने बघितलेल्या' हा शब्द मुद्दाम वापरलाय. वहीत लिहून ठेवलेले ३२ पुन्हा वापरले तर दोनास एकच येईल आणि चूक झाकलेलीच राहील.

सूत्रच चुकीचं वाचलं असेल, फेरिकच्या जागी फेरस (दोन्ही लोखंडाचीच संयुगं, पण सूत्रं वेगळी), तर मात्र हाही ताळा कामाचा नाही. तिथे प्रश्न पुन्हा वाचायचा, दुसरं औषध नाही.

दुसऱ्या दशांशावरचं भांडण

"पुस्तकात हायड्रोजन ६.७१ आहे, माझा ६.६७ आला." ग्लुकोजचंच उदाहरण. हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६ असे पूर्णांक धरले तर १२ भागिले १८० म्हणजे ६.६७. १.००८, १२.०११ आणि १५.९९९ धरले तर ६.७१. दोन्ही बरोबर. गंमत अशी की पूर्णांकांची बेरीज १००.०० येते आणि जास्त अचूक आकड्यांची ४०.००, ६.७१, ५३.२८ मिळून ९९.९९. मुलं मग कुठल्यातरी एका आकड्यात ०.०१ ढकलून शंभर पुरे करतात. करू नका. ९९.९९ किंवा १००.०१ ही चूक नसून पूर्णांकन केल्याची खूण आहे, आणि तपासणाऱ्याला ती कळते. क्लोरीन मात्र ३५ धरू नका, ३५.५ च. तिथे फरक पहिल्या दशांशातच दिसायला लागतो. सोडियम ३९.३२ चा ३९.६६ होतो.

टक्क्यांवरून सूत्र काढताना

इथे एकच चूक सांगते, कारण ती एकटीच बाकी सगळ्यांना पुरून उरते. लोखंडाच्या एका ऑक्साइडमध्ये लोखंड ६९.९४ आणि ऑक्सिजन ३०.०६ टक्के. ६९.९४ भागिले ५५.८५ म्हणजे १.२५२, ३०.०६ भागिले १६ म्हणजे १.८७९. गुणोत्तर १ ला १.५०. हे दीड बघून मुलं बेधडक २ लिहितात. दीडाचे दोन करायचे नसतात, दोघांनाही दोनने गुणायचं असतं: २ ला ३. हेच हेमेटाइट. १.३३ आलं तर तीनने, १.२५ आलं तर चारने. १.०२ किंवा १.९८ असेल तरच जवळच्या पूर्णांकाला न्यायचं.

हेमेटाइट निघालंच आहे तर, हा ६९.९४ चा आकडा गोव्याच्या आणि सिंधुदुर्गातल्या रेडीच्या खाणींच्या बातम्या वाचताना कामाला येतो. 'साठ टक्क्यांचं खनिज', 'अठ्ठावन्न टक्क्यांच्या खालचं' असे उल्लेख त्यात असतात. ते टक्के लोखंडाचे असतात, शुद्धतेचे नव्हे. पूर्ण शुद्ध हेमेटाइटसुद्धा सत्तरीच्या आतच राहतो, म्हणून साठ टक्के म्हणजे 'चाळीस टक्के माती' असं नाही. ६० ला ६९.९४ ने भागा, दगडात हेमेटाइट सुमारे ८६ टक्के भरतो. मॅग्नेटाइट या लोखंडाच्या दुसऱ्या ऑक्साइडची मर्यादा ७२.३६. हेमेटाइटच्या नमुन्यात कुणी ७५ टक्के लोखंड काढून आणलं तर काढणाऱ्याची वही तपासायची.

आणि सूत्र निघालं म्हणजे पदार्थ कळला असंही नाही. ग्लुकोज आणि व्हिनेगारमधलं ॲसिटिक आम्ल, दोघांत कार्बन ४०.००, हायड्रोजन ६.६७, ऑक्सिजन ५३.३३. टक्केवारीच्या कागदावर दोघं जुळी भावंडं. एकाचं मोलर मास १८०, दुसऱ्याचं ६०. तो आकडा वेगळा मिळाल्याशिवाय त्यांना ओळखता येत नाही.

मोरचूद

मी सांगली जिल्ह्यात शिकवते. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी द्राक्षबाग, त्यामुळे मोरचूद कुणाला नवा नाही. निळे खडे, कॉपर सल्फेट, आणि प्रत्येक सूत्रामागे पाण्याचे पाच रेणू. सूत्रात ते एक टिंब देऊन लिहितात, आणि त्या टिंबाने आजवर जेवढे गुण खाल्लेत तेवढे दुसऱ्या कुठल्या चिन्हाने खाल्ले नसतील. गणितात टिंब म्हणजे गुणाकार, म्हणून मुलं १५९.५ गुणिले ९० करतात. इथे टिंब म्हणजे 'सोबत', फक्त बेरीज. तांबं ६३.५, गंधक ३२, सल्फेटचा ऑक्सिजन ६४, पाणी पाच गुणिले १८ म्हणजे ९०. एकूण २४९.५. काही जण पाच फक्त हायड्रोजनला लावतात आणि पाण्याचे २६ धरतात. पाच आख्ख्या पाण्याला आहे.

तांबं २५.४५ टक्के, स्फटिकजल ३६.०७ टक्के. आता ती १३६ ची गोष्ट. प्रश्नात 'प्रत्येक मूलद्रव्याचे आणि पाण्याचे टक्के काढा' असं असतं. मूल तांबं २५.४५, गंधक १२.८३, ऑक्सिजन ५७.७२, हायड्रोजन ४.०१ आणि पाणी ३६.०७ लिहितं आणि सगळ्यांची बेरीज करतं. १३६.०८. प्रत्येक आकडा बरोबर आहे! पाण्याचा ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकदा मूलद्रव्यांत मोजला, एकदा पाण्यात. स्फटिकजल असलेल्या कुठल्याही क्षारात बेरीज शंभरच्या वर नेमकी पाण्याच्या टक्क्यांएवढी गेली की हेच झालेलं असतं. धुण्याच्या सोड्यात, ज्यात पाण्याचे दहा रेणू असतात, ती १६३ च्या आसपास जाते.

प्रयोगशाळेतली तक्रार थोडी वेगळी. अडीच ग्रॅम मोरचूद तापवला, पांढरा झाला, वजन केलं तर १.७८ ग्रॅम उरले. हिशेबाप्रमाणे १.६० उरायला हवेत. मुलं तराजूला शिव्या देतात. घट काढा: ०.७२ भागिले २.५०, म्हणजे २८.८ टक्के. आणि पाचऐवजी चारच पाण्यांचे टक्के काढा: ७२ भागिले २४९.५, म्हणजे २८.८६. तराजू शहाणा आहे, पाचवा रेणू अजून आतच आहे. चार पाणी तांब्याला धरून असतात आणि शंभर अंशांच्या थोडं वर गेल्यावर सुटतात. पाचवा सल्फेटला हायड्रोजन बंधांनी चिकटलेला असतो, त्याला दोनशेच्या वर तापवावं लागतं. पुन्हा तापवा, थंड करा, वजन करा. सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत. फार जोर लावून काळं करू नका मात्र, मग ते कॉपर ऑक्साइड झालं आणि हिशेब पुन्हा बदलला.

आता बागेत. 'एक टक्का बोर्डो' (द्राक्षावर फवारायचं बुरशीनाशक) म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी घड तोडू नयेत म्हणून हे मिश्रण शिंपडत असत. त्या वेली केवड्यापासून, आपल्याकडचे बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतात त्यापासून, वाचलेल्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसल्या, आणि १८८५ मध्ये त्याने ते औषध म्हणून मांडलं. मुद्दा असा की हा एक टक्का मोरचुदाचा आहे, तांब्याचा नव्हे. एक किलोत तांबं सुमारे २५५ ग्रॅम, म्हणजे मिश्रणात तांबं पाव टक्का. दरवर्षी एखादं मूल 'एक टक्का तांबं' धरून गणित करतं आणि चौपट उत्तर आणतं. (चुना पुरेसा पडला का हे बघायला घरी लोखंडी विळा बुडवतात, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. हा ताळा आमच्या वर्गातल्यापेक्षा जुना आणि भरवशाचा.)

पोत्यावरचे आकडे

हा प्रश्न मुलं नाही, त्यांचे वडील विचारतात. "अठरा-सेहेचाळीसच्या पोत्यावर स्फुरद ४६ लिहिलाय, आणि पोरगी म्हणते २३ च्या वर जाऊच शकत नाही. कोण खोटं?"

कुणीच नाही. अठरा-सेहेचाळीस म्हणजे डीएपी, डायअमोनियम फॉस्फेट; नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस: नायट्रोजन २८, हायड्रोजन ९, फॉस्फरस ३१, ऑक्सिजन ६४, एकूण १३२. शुद्ध असेल तर नत्र २१.२१ आणि फॉस्फरस २३.४८ टक्के. पोरीचं गणित पक्कं. पण खताच्या पोत्यावर स्फुरद मूलद्रव्य म्हणून लिहीत नाहीत, फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या भाषेत लिहितात. एकोणिसाव्या शतकात रसायनतज्ज्ञ राखेचं पृथक्करण ऑक्साइडांत मांडायचे, ती पद्धत पोत्यांवर तशीच राहून गेली. पेंटॉक्साइडमध्ये १४२ पैकी ६२ ग्रॅम फॉस्फरस. म्हणून ४६ गुणिले ६२ भागिले १४२, म्हणजे २०.१ टक्के खरा फॉस्फरस. शुद्ध डीएपीतल्या २३.४८ पेक्षा कमी, तसंच नत्रही २१ ऐवजी १८, कारण पोत्यातला माल प्रयोगशाळेतल्या बाटलीसारखा शुद्ध नसतो.

पोटॅशचं तर आणखी मजेदार. पोत्यावर पालाश (म्हणजे पोटॅशियम) ६०. आत असतं पोटॅशियम क्लोराइड, आणि त्यात पोटॅशियम ३९ भागिले ७४.५, म्हणजे ५२.३५ टक्केच. पोत्यावरचा आकडा शुद्ध पदार्थापेक्षाही मोठा! हे दिसलं की समजायचं, मोजमाप ऑक्साइडमध्ये आहे. पोटॅशियम ऑक्साइडमध्ये ९४ पैकी ७८ पोटॅशियम, म्हणून ६० चे झाले ४९.८. आणि या पांढऱ्या-तांबड्या मिठात ऑक्सिजनचा एकही अणू नाही. ज्या ऑक्साइडचे टक्के छापलेत तो पोत्यात औषधालाही सापडणार नाही.

नत्र मात्र साध्या मूलद्रव्यातच मोजतात. म्हणून युरियाच्या पोत्यावर ४६ आणि आपल्या गणितात ४६.६७, जवळपास जुळतं. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र. मुलांना पहिलं उदाहरण म्हणून मी युरियाच देते ते याचसाठी. जाता जाता: अमोनियम सल्फेटचं मोलर मासही १३२ आणि त्यातही नायट्रोजन दोन, म्हणजे नत्र पुन्हा २१.२१ टक्के, डीएपीएवढाच. हा निव्वळ योगायोग, पण बहुपर्यायी प्रश्न काढणाऱ्यांचा लाडका.

गेल्या हंगामात एका मुलीने बुरशीनाशकाचा पुडा दाखवायला आणला. वर 'कॉपर हायड्रॉक्साइड ७७ टक्के'. तिच्या वडिलांना कळायचं होतं, यात मोरचुदाच्या मानाने तांबं किती. तिने आधी विचारलं, "मॅडम, हे ७७ तांब्याचे की हायड्रॉक्साइडचे?" हायड्रॉक्साइडचे. मग तांबं ६३.५ आणि कंसातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीच्या १७ चे दुप्पट ३४, एकूण ९७.५. तांबं ६५.१ टक्के, त्याचे ७७ टक्के म्हणजे ५०.१. किलोमागे अर्धा किलो तांबं, मोरचुदाच्या जवळजवळ दुप्पट. डोस मात्र यावरून ठरवायचा नाही असं मी तिला सांगितलं. पानावर तांबं किती विरघळतं ते प्रत्येक संयुगात वेगळं असतं, त्यामुळे फवारणीचं प्रमाण पुड्यावर लिहिलेलंच घ्यायचं.